बाई आणि बोंडांचा रस

हरल्यावर इतकं खुलणारं माणूस साऱ्या गोव्यात दुसरं सापडायचं नाही. बाई म्हणजे पेडण्याजवळच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, आणि आम्ही चौघं त्यांच्या हाताखाली. काम एकच. काजूच्या बोंडांचा रस एरवी दुसऱ्या दिवशीच आंबतो, तो टिकवायचा. बाईंना याचं वेड इतकं, की हंगामात त्यांच्या पर्समध्ये पिकलेली, उग्र वासाची बोंडं असायची आणि बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा थेट म्हापशापर्यंत रिकामी राहायची. लोक आदराने बसत नाहीत, असा त्यांचा समज.

सकाळी पोदेर सायकलवर पाव घेऊन आला, की बाई त्याला थांबवत आणि आमच्यापैकी कुणाला तरी कालचं काम त्याला समजावून सांगायला लावत. "पोदेराक समाजला नाय, तर तुकाच समाजला नाय," हा त्यांचा निकाल. तो बिचारा मान डोलवत ऐके. एक दिवस मात्र त्याने मला विचारलं, की रसात भिरंडाची, म्हणजे कोकमाची, साल घालून पाहिली का? पाहिली नव्हती. पुढची दोन वर्षं आम्ही तेच पाहत होतो.

आणि मग दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेचा शोधनिबंध छापून आला. तोच रस, तीच साल. आमचा निबंध अर्धा लिहून झाला होता. त्या दिवशी कुणी चहालाही उठलं नाही. कारापूरची स्नेहा, आमच्यात सगळ्यात हुशार, म्हणाली की आपण आता शाळेत नोकरी बघणार. बाईंनी आधी त्या संस्थेला अभिनंदनाचं पत्र धाडलं. मग आम्हाला बसवून तो निबंध पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला घेतला, मध्येमध्ये "वा" म्हणत. आमचा अगदी संताप होत होता. तिसऱ्या पानावर स्नेहाने त्यांना थांबवलं. त्या संस्थेचा रस शीतगृहात टिकला होता. तिच्या वडिलांच्या काजूच्या बागेत मे महिन्यात शीतगृह कुठून येणार?

बाईंनी कागद खाली ठेवला. "हां," त्या म्हणाल्या, "आता आपलं काम सुरू झालं."

पुढचे दोन हंगाम आमची प्रयोगशाळा कारापूरला स्नेहाच्या वडिलांच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. घामाने कागद भिजत. पहिल्या हंगामात सगळा रस आंबला. दुसऱ्यात तो नऊ दिवस टिकला. नवव्या दिवशी स्नेहाचे वडील पेलाभर प्याले आणि त्यांनी पेला पुन्हा पुढे केला.

आमचा निबंध छापून आल्यावर त्याच मोठ्या संस्थेने स्नेहाला बोलावून घेतलं. ती जायला तयार नव्हती. बाईंनीच तिला तयार केलं. म्हापशाच्या स्टँडवर तिला पोचवायला बाई आणि मी गेलो. स्नेहा रडायला लागली, तेव्हा बाईंनी तिचा हात धरला.

"जा गो. थंय जावन आमच्याशी नेटान स्पर्धा कर. तू मागे लागलंस तरच आमी धावतलंव."

बस सुटली. परतताना बाई माझ्या मोटारसायकलवर मागे बसल्या होत्या. कोलवाळचा पूल ओलांडल्यावर माझ्या खांद्यावर त्यांचा हात आला आणि त्यांनी हळूच विचारलं, "पोचायला तिला किती वेळ लागेल रे?"