डोंगरापलीकडची रेघ

गहिनीनाथ आव्हाड ऊर्फ नाना यांनी मोजणी खात्यात चौतीस वर्षं काढली. कर्जत, शेवगाव, मधली काही वर्षं नगर आणि शेवटी आपला पाथर्डी तालुका. दोन भावांची डोकी फुटायच्या बेतात असली की सरकारी मोजणी यायची, आणि मोजणी म्हणजे नाना. ते कुणाच्या घरचा चहा घेत नसत, कुणाच्या गाडीवर बसत नसत. एकदा त्यांनी हद्द दाखवली की हरलेला भाऊसुद्धा फार बोलत नसे. बांध कोरणाऱ्याला मात्र ते तोंडावर सुनवायचे, "फूटभर जमिनीनं तू मोठा व्हनार न्हाईस. पन ल्हान आत्ताच झालास."

निवृत्तीनंतर ते गावी येऊन राहिले. एकुलती एक मुलगी आरती अमेरिकेत होती, कॅलिफोर्नियात मोडेस्टो नावाच्या गावात. दुधावर प्रक्रिया करणारी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत ती त्या यंत्रांचे प्रोग्राम लिहायची. नोकरी चांगली, जावई शांत स्वभावाचा, घर स्वतःचं. लाजावं असं त्यात काहीही नव्हतं.

पण शेजारच्या कल्याण गर्जेंचा हर्षल सॅन होजेला होता, आणि तो खरोखरच सिलिकॉन व्हॅलीत होता. एका सव्वीस जानेवारीला ग्रामपंचायतीनं परदेशी गेलेल्या मुलांच्या आईबापांचा सत्कार केला. माईकवरचा माणूस म्हणाला, गावची दोन लेकरं सिलिकॉन व्हॅली गाजवताहेत. नानांनी शाल घेतली, नारळ घेतला आणि गप्प बसले. घरी आल्यावर बायकोनं, सविताबाईंनी, विचारलं, आरती तर तिथं राहत नाही ना? "क्यालिफोर्नियाच की ते बी," असं म्हणून नाना पाय धुवायला गेले.

पुढं कुणी विचारलं की ते स्वतःच तसं सांगू लागले. चारदा बोलून झाल्यावर जिभेला ते टोचेनासं झालं.

अशी तीनेक वर्षं गेली, आणि एक दिवस शाळेतल्या भूगोलाच्या निकिता मॅडमनी दिशाला त्यांच्याकडं पाठवलं. दिशा नववीत होती. आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेले की ती गावात मावशीकडं राहायची. वर्गात सिलिकॉन व्हॅलीचं नाव निघालं तसं तिनं नकाशासंग्रह उघडून शोधलं होतं, आणि ते नाव कुठंच सापडलं नव्हतं. एवढं मोठं नाव आणि नकाशात नाही, हे तिला पटेना. मॅडम म्हणाल्या, हाच विषय तालुक्यातल्या शाळांच्या प्रदर्शनाला घे, नकाशा काढ, आणि हद्दीचं काही अडलं तर आपल्याकडं नाना आहेत.

तीन आठवडे ती शाळा सुटली की यायची. मॅडमच्या मोबाईलवरून तिनं बरंच जमवलं होतं. कुणी म्हणतं सिलिकॉन व्हॅली म्हणजे फक्त सांता क्लारा, म्हणजे आपल्याकडचा एक जिल्हा समजा. कुणी त्यात तिथल्या समुद्राच्या खाडीच्या पश्चिमेची पट्टी आणि पूर्वेचं फ्रीमाँट धरतं. कुणी तर वरचं सॅन फ्रान्सिस्को शहरही आत ओढतं. सरकारनं आखलेली हद्दच नाही. लोकांनी दिलेलं नाव, कंपन्या पसरतील तसं तेही पसरत गेलेलं.

नाना खुलले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या हातात पट्टी आली होती. त्यांनी तिला नकाशाचं प्रमाण धरायला शिकवलं, तीन मतांच्या तीन रंगांत तीन रेघा काढायला लावल्या. "सरकारी हद्द नसंना का," ते म्हणाले, "आपुन कुठला नियम धरला त्यो खाली लिहायचा. आन एकदा लिहिला की सोडायचा न्हाई." दिशानं प्रत्येक रेघेखाली नियम लिहिला.

शेवटच्या दिवशी नकाशा जवळजवळ पुरा झाला. नानांची नजर पुन्हा पुन्हा उजवीकडं जात होती. डोंगररांगेच्या पलीकडं, तिन्ही रेघांच्या बाहेर, मोडेस्टो होतं. प्रदर्शनाला सगळा गाव येणार, कल्याणही येणार. त्यांनी हिरवं स्केचपेन उचललं आणि पूर्वेकडं एक तुटक रेघ ओढून मोडेस्टोच्या पलीकडून फिरवून आणली.

"ह्यो बी भाग धरत्यात काही लोक."

दिशा नकाशावर वाकली. "पन नाना, मधी डोंगर हाय. आन ह्याचा नियम काय लिहू?"

नानांनी पेनाला टोपण लावलं. "लिही, जाणकारांच्या मते. चौतीस वर्सं रेघा वढल्यात पोरी मी."

तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं, जाणकारांच्या मते.

प्रदर्शन पाथर्डीला एका शाळेच्या सभागृहात होतं. नगरच्या एका कॉलेजातले प्राध्यापक परीक्षक होते. ते दिशाच्या टेबलाशी बराच वेळ थांबले. तिन्ही रेघा त्यांना आवडल्या, त्याखालचे नियम त्यांनी मोठ्यानं वाचले. मग त्यांचं पेन हिरव्या रेघेवर टेकलं. हे जाणकार कोण, त्यांनी विचारलं.

दिशानं मान वळवली. नाना चार पावलांवरच उभे होते. शेजारच्या टेबलावर पवनचक्कीचं पुठ्ठ्याचं मॉडेल होतं. नाना त्याच्यावर वाकले आणि तिची पाती मोजत असल्यासारखे बघत राहिले. पोरीची नजर आपल्यावर आहे हे त्यांना मानेला कळत होतं. नुसतं "मी" एवढं म्हणायचं होतं. तोंड उघडलं नाही.

"माजी चूक झाली सर," दिशा म्हणाली. "मी मनानंच काढली."

परीक्षक रागावले नाहीत, पण म्हणाले, "मग जाणकार कशाला लिहिलंस? चूक चालते. खोटा आधार चालत नाही." आजूबाजूची मुलं बघत होती. दिशाचे कान लाल झाले.

तिला नंबर मिळाला नाही. परतीच्या जीपमध्ये ती गुंडाळी केलेला नकाशा मांडीवर घेऊन नानांच्या समोर बसली होती. वाटेत नानांनी रस पाजतो म्हटलं, ती नको म्हणाली. गाव येईपर्यंत ती बाहेर बघत होती आणि नाना आपल्या चपलांकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा आरतीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्याकडं संध्याकाळ होती. नानांनी सविताबाईंना स्वयंपाकघरात जाऊ दिलं आणि मग पहिल्यापासून सगळं सांगितलं, सत्काराच्या शालीपासून. त्यांचं झाल्यावर आरती म्हणाली, इथून सॅन होजे मोटारीनं दोन तास, मधे पूर्ण डोंगर. इथं बदामाच्या बागा आहेत, पाटाचं पाणी आहे, गाईंचे गोठे आहेत, म्हणून तर मला हे गाव आवडलं. मग म्हणाली, "नाना, मी इथं राहते याची मला कधी लाज वाटली नाही. तुम्हाला वाटत होती?"

वाटत होती, हेच खरं होतं, आणि ते मुलीच्या तोंडावर बोलायची हिंमत नव्हती.

कॉल संपताच नाना उठून शाळेत गेले. निकिता मॅडमना म्हणाले, परिपाठाला दोन मिनिटं द्या. मैदानात ओळीनं उभ्या असलेल्या पोरांसमोर त्यांनी सांगितलं की ती हिरवी रेघ दिशाची नव्हती. "ती मी वढली. जाणकार बिणकार कुनी न्हाई. माजी लेक त्या हद्दीत राहत न्हाई, आन ती राहती असं मी गावाला सांगत आलो. काल पोरीवर आळ आला तवा मी तिथं उभा असून बोललो न्हाई." पोरांना टाळ्या वाजवायच्या की नाही ते कळेना, कुणी वाजवल्या नाहीत.

ओळी मोडल्यावर ते दिशाजवळ गेले. ती खाली बघून म्हणाली, "रेघंचं काय न्हाई नाना. पन तुमी तिथंच हुता."

नाना "व्हय" म्हणाले.

परीक्षकांना नानांनी पत्र लिहिलं. काही दिवसांनी परीक्षकांचा मॅडमना फोन आला, निकाल आता बदलता येणार नाही, पण मुलीला सांगा तिची तिन्ही रेघांची मांडणी उत्तम होती. गावात बातमी मात्र परिपाठाच्या दिवशीच दुपारपर्यंत पसरली होती. कल्याण गर्जे त्याच संध्याकाळी मुद्दाम ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, एवढं सांगायची काय गरज होती, तिथं कोण मोजायला जाणार होतं? त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, समजूतच होती, आणि नानांना तीच जास्त लागली.

दिशानं नकाशा नव्यानं काढला. त्यासाठी ती नानांकडं आली नाही. मॅडमनी तो वर्गात लावला. एकदा गॅसच्या पावतीसाठी त्या बाजूला गेले तेव्हा नाना शाळेत शिरले. पोरं मैदानात होती, वर्ग रिकामा होता. ते नकाशासमोर उभे राहिले. सवयीनं त्यांनी प्रमाण तपासलं, रेघा कुठं हलल्यात का पाहिलं. कुठंच हलल्या नव्हत्या. मधली सुट्टी संपायची घंटा होण्याआधी ते मागच्या दारानं बाहेर पडले, आपल्याशी बोलायची वेळ पोरीवर येऊ नये म्हणून.