रम काढलेला पिनाकोलाडा

मी आयुष्यात एकदाच दारू प्यायले, आणि तीही नवऱ्याची कमी व्हावी म्हणून.

आमचे हे, म्हणजे अरविंदराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि तेव्हापासून त्यांनी पाण्याशी संबंध बराच कमी केला. तारकर्लीला आमच्या घराच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. त्यातल्याच एका बेळगावच्या जोडप्यानं यांना पिनाकोलाडा शिकवला. नारळाचं दूध, अननसाचा रस, बर्फ आणि रम. झालं! दर रविवारी संध्याकाळी हे पडवीत झोपाळ्यावर बसून पांढराशुभ्र पेला हातात धरू लागले. मी काही बोलले की उत्तर तयार, "अगो, ह्येच्यात वायट काय आसा? नारळ आपलो, अननस आपलो. परकी काय ती फक्त रम!"

ती परकी बाई पेल्यात हळूहळू घरमालकीण होऊ लागली, तेव्हा मी यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "एकदम बंद करा असं म्हणत नाही, पण प्रमाण कमी करा."

प्रमाण! मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. (मुलं मला अजूनही रस्त्यात बघून वाट बदलतात. मुलं म्हणजे आता चाळिशीतली.) प्रमाण हा माझा विषय.

पुण्याला लेकीला फोन लावला. मृणाल म्हणाली, "आई, बंद करायला सांगशील तर बाबा चोरून पितील. तू रम काढ आणि शेरी घाल. द्राक्षाचीच असते, जोर रमच्या निम्म्याहून कमी. पेला तेवढाच दिसेल."

"आणि चव?"

"ती तू जमवशील गं. तू फणसाची भाजी मटण म्हणून खपवतेस!"

मडगावच्या नणंदेकडे केकमध्ये घालायला शेरी असते. तिनं एक बाटली जुन्या साडीत गुंडाळून पाठवून दिली. आता प्रयोग कधी करायचा? हे घरात नसताना. शनिवारी सकाळी पाहुणे खोल्या सोडून गेले, हे मासे आणायला मालवणला गेले, आणि मी पदर खोचला. त्याच दिवशी चार वाजता देवळाच्या सभामंडपात आमच्या महिला मंडळाची सभा होती. विषय व्यसनमुक्ती, पाहुण्या तालुक्याहून येणाऱ्या मॅडम. अध्यक्षा मी. म्हटलं, छान! दुपारपर्यंत घरातली व्यसनमुक्ती, चारनंतर गावातली.

पहिला पेला शास्त्रशुद्ध केला. दोन वाट्या नारळाचं दूध, एक वाटी अननसाचा रस, अर्धी वाटी शेरी. वहीत लिहून ठेवलं. चव घेतली आणि माझा डावा डोळा आपोआप मिटला. अननस कच्चा होता!

आता हे टाकायचं कुठे? आमच्या मोरीचं पाणी जातं शेजारच्या लीलाकाकीच्या केळींत, आणि काकीचं नाक वाडीत नावाजलेलं. शिवाय टाकायचं म्हणजे अन्नाचा अपमान. दोन नारळ खवून काढलेलं दूध ते! मी डोळे मिटले आणि पिऊन टाकला.

दुसऱ्या पेल्यात साखर वाढवली, तर आंबट रसानं दूधच फाटलं. तोही पोटात. तिसऱ्याला मी जास्त मन लावलं. इतकं, की हाताला जी सवय होती तिनं आपला कारभार केला आणि मी त्यात हिरवी मिरची, मीठ, कोथिंबीर घालून मोकळी झाले. शेरीची सोलकढी! (खरं सांगू? ही बरी लागली. तोंडीलावणं म्हणून आणखी थोडी घेतली.) चौथा पेला अगदी जमला. पण एका निरीक्षणावर निष्कर्ष काढू नये, असं मीच मुलांना सांगत आले, म्हणून तो पुन्हा करून तपासला. पुन्हा जमला! मग यांच्यासाठी एक तांब्या भरून फ्रिजमध्ये ठेवला.

प्रत्येक पेल्यात किती टक्के दारू, हे मी वहीत बिनचूक मांडलं होतं. पेल्यांची बेरीज करायची तेवढी राहून गेली. सकाळी खाल्लेल्या दोन घावनांवर पोटात दुसरं काही नव्हतं, हेही कुठे धरलं नव्हतं.

हे घरी आले तेव्हा मी मिक्सरच्या झाकणाशी बोलत होते. ते बसत नव्हतं.

"गो, कोणाक ओरडतंस?"

"याला! तीनदा सांगितलं बस म्हणून. आता बाकावर उभा राहा!"

यांनी मासळीची पिशवी खाली ठेवली. ओट्यावरचा पेला उचलला, नाकाशी नेला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जाणकाराचं गांभीर्य पसरलं.

"तू पिलंस!"

"मी तपासलं!"

"किती?"

"वही बघा!"

यांनी वही बघितली. मनातल्या मनात बेरीज केली. (आयुष्यात पहिल्यांदा यांची बेरीज बरोबर आली.) आणि मासळीच्या शेजारी जमिनीवर बसले. "आरे देवा! आणि चार वाजता तुझा भाषण आसा मा?"

ते वाक्य ऐकून मला इतकं हसू आलं, की मी पण बसले. जमीन माझ्या अंदाजापेक्षा बरीच खाली होती.

पुढच्या तासात या माणसानं माझ्यापासून आयुष्यभर लपवलेलं सगळं ज्ञान बाहेर काढलं. डोक्यावर गार पाणी ओतलं. दहीभात भरवला. लिंबूपाणी पाजलं. लवंगा चघळायला दिल्या. "आणि ह्या बघ," हे समजावू लागले, "बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघूचा नाय. जरा खिडकीकडे बघूचा. म्हणजे वास जाणा नाय."

बत्तीस वर्षं हा माणूस रविवारी माझ्याशी खिडकीकडे बघून बोलतो आणि मी समजत होते, याला निसर्गाची आवड!

तेवढ्यात दारात लीलाकाकी. "बाईनू, चला बेगीन! मॅडम येऊन बसली आसा."

हे आडवे आले. "काकी, हिका बरा नाय. ऊन बादला."

"म्हणजे? तालुक्यासून मॅडम इली, आणि अध्यक्ष नाय? गावाची लाज जातली!"

"अध्यक्षा मी!" स्वयंपाकघरातून मी गर्जले. आणि हिरवी नऊवारी नेसायला निघाले. ती नेसता येईना, म्हणून जी अंगावर होती तिलाच पिना लावल्या.

वाटेत काय झालं ते मला नंतर सांगण्यात आलं. माडाच्या झावळ्या वाऱ्यानं हलत होत्या, आणि त्या मान लववतात असं वाटून मी एकेका माडाला थांबून नमस्कार करत होते. मागून हे माझा पदर धरून चालले होते. लीलाकाकी म्हणाली, "ऊन बऱ्यापैकी बादला हा."

सभामंडप खचाखच भरलेला. पुढे बायका, मागे पुरुष. (पुरुषांना बायकांनी दमदाटी करून आणलं होतं.) तालुक्याच्या मॅडम शुद्ध पुस्तकी मराठीत बोलल्या आणि मग माझं नाव पुकारलं. मी उठले. कागद उघडला. त्यावरच्या ओळी भरतीच्या लाटांसारख्या एकमेकींवर चढत होत्या. मी कागद घडी करून मॅडमच्या हातात दिला आणि म्हटलं, "धरा. हलतोय."

आणि बोलू लागले.

"बंधू आणि भगिनींनो! प्यायलेल्या माणसाला आपण प्यायलो आहोत, हे कळत नाही! त्याला वाटतं, आपण सरळ उभे आहोत!" असं म्हणून मी सरळ उभी राहायला गेले आणि खांबाला धडकले. खांबाची माफी मागितली. बायका हसल्या. "त्याला वाटतं, तो फार हुशार झाला! एकोणीसचा पाढा म्हणू? एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे..." इथे मी थांबले. दुणे किती, ते येईचना! एकतीस वर्षं शिकवलेला पाढा! आणि मला रडू कोसळलं. मी मॅडमच्या गळ्यात पडले. "मॅडम, माझा पाढा गेला!"

मंडपात टाळ्यांचा कडकडाट! पुढच्या रांगेतली एक जण शेजारणीला म्हणाली, "बाई काय काम करतत गो! दशावतारात जाऊक होयी होती!"

सगळ्यांना वाटत होतं, हे नाटक आहे. सगळ्यांना म्हणजे मागच्या रांगा सोडून. तिथे सगळे अनुभवी. त्यातले तात्या, वाडीतले ज्येष्ठ पिणारे, उभे राहून ओरडले, "गे बायांनू, ह्या नाटक नाय! ह्या खरा आसा! माका कळता!"

"गप रव!" लीलाकाकी कडाडली. "सोता झोकून येतास आणि बाईंका बोलतास?"

साऱ्या बायका तात्यांवर तुटून पडल्या. आयुष्यात एकदाच ते खरं बोलले आणि त्यांना मंडपाबाहेर काढलं! मी व्यासपीठावरून हात जोडून सांगत होते, "नका हो मारू! त्यांना कळतं! माझ्या यांनाही कळतं!" आणि यांना बोलावलं, "अहो, इकडे या! सांगा सगळ्यांना!" हे आले. घामानं निथळत होते. मी काही आणखी बोलायच्या आत यांनी माझा हात घट्ट धरला आणि ध्वनिक्षेपकात एवढंच म्हणाले, "माका ह्या बघवणा नाय."

त्यावर तर चार बायकांनी डोळे पुसले. मॅडमनी यांना गुलाबाचं फूल दिलं.

घरी येताना यांनी हात सोडला नाही. पायरीपाशी म्हणाले, "दुपारपासून नुसतो जीव टांगणीक लागलो होतो. दर रविवारी तुझो जीव असोच टांगणीक लागता?" मी हो म्हटलं. खिडकीकडे न बघता.

तेव्हापासून हे माझा शेरीचा पिनाकोलाडाच घेतात, तोही एक. आवडत नाही, तोंडावर स्पष्ट दिसतं. पण नको म्हटलं तर मी त्यात आणखी सुधारणा करायला बसेन, अशी त्यांना धास्ती आहे.

इथे हे सगळं मिटायला हवं होतं. पण महिन्याभरानं मॅडमचं पत्र आलं, 'आपले प्रात्यक्षिक अत्यंत प्रभावी. मसुरे येथेही सादर करावे.' नाही म्हणायला कारण काय सांगणार? मी आठ दिवस आरशासमोर तालीम केली. झोकांड्या, रडणं, पाढा, सगळं. ठरल्या दिवशी मसुऱ्याला जाऊन, फक्त चहा पिऊन, जीव तोडून सादर केलं.

चार-दोन टाळ्या पडल्या. मॅडम जरा अवघडून म्हणाल्या, "छान. पण बाई, या वेळी अभिनय थोडा कृत्रिम वाटला." आणि मागून कुणी तरी म्हणालं, "पिणारो असो चलना नाय!"

आयुष्यात दोनदाच मी या विषयाची परीक्षा दिली. शेरी पिऊन कॉपी केली तेव्हा पहिली आले, चहा पिऊन प्रामाणिकपणे लिहिली तेव्हा नापास!