खिडकीवरचा खोळंबा

पोस्टाच्या खिडकीशी एक आजोबा पिशवीत आधार कार्ड शोधत होते आणि आतला कारकून हाताची घडी घालून नुसता बघत बसला होता. मागे आम्ही पंधरा जण ताटकळत.

"अहो, ते बाजूला शोधतील, तुम्ही पुढचा घ्या ना!" मी ओरडलो.

"एकाचं झाल्याशिवाय दुसऱ्याचं घेत नाही."

डोकंच फिरलं माझं. मी संगणकाच्या सी भाषेत सर्व्हरचे प्रोग्राम लिहितो. शेकडो कनेक्शनवरून फाइली येतात. ज्याचा डेटा आला त्याचा घ्यायचा, कुणासाठी अडून बसायचं नाही.

आज सकाळी मात्र एका सॉकेटला, म्हणजे कनेक्शनच्या आमच्याकडच्या टोकाला, 'अडून बसू नकोस' असं बजावायला मीच विसरलो. एका संथ ग्राहकापायी सगळ्यांच्या फाइली अडकल्या. चूक सापडल्यावरही फोनवर प्रत्येकाला मी ठणकावलं, "तुमचंच नेट स्लो आहे!"

कारकून निदान खोटं तरी बोलला नाही.