गाडी काढायची हाय

आमच्या मालकांची फटफटी माझ्या आधी घरात आली. म्हणजे मानानं ती थोरली आणि मी धाकटी. थोरलीला सोप्यात हक्काची जागा, अंगावर पांघरूण, रोज सकाळी पुसायला मऊ फडकं. धाकटीनं तिला वळसा घालून ये-जा करायची आणि पदर हँडलात अडकला की आपल्याच नशिबाला शिव्या घालायच्या. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मालकांना तिला किक मारता येत नव्हती, तरी मानपान चालूच. "विकून टाका की आता," मी म्हणायचे. पुण्याहून पोरगाही फोनवर तेच म्हणायचा. मालकांचं उत्तर ठरलेलं, "मग बघू." ते ऐकता ऐकता माझे केस पांढरे झाले.

कोल्हापुरात मोटरसायकलींचं प्रदर्शन भरणार असं कळलं तेव्हा मात्र मी शब्दच घेतला. एकदा मनसोक्त मिरवा, पण नंतर गिऱ्हाईक बघायचं. "दिला शब्द," मालक म्हणाले आणि आठवडाभर टाकी घासत बसले.

रविवारी कसबा बावड्यातून फटफटी टेम्पोत चढवली. बघायला सगळी गल्ली जमली. मी नवरी होऊन आले तेव्हा एवढी माणसं नव्हती.

मैदानावर नव्या गाड्यांचा थाट काय विचारता! भर उन्हात चामड्याची जाकिटं, गुडघ्याला कवचं, हेल्मेटवर कॅमेरा. आत्ता हिमालयात निघतील असा आव, आणि उभे कुठं, तर भडंगाच्या गाड्यापुढं. एका गाडीची किंमत ऐकली. तेवढ्यात चंदगडला काजूची बाग आली असती. मागची सीट बघितली तर मांजरानंसुद्धा जपून बसावं एवढीच.

जुन्या गाड्यांना मान म्हणून मैदानाच्या अगदी टोकाला, रसवंतीशेजारी जागा दिली होती. मालक कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून नवरीच्या मामासारखे उभे. येणारा प्रत्येक जण फटफटीभोवती फिरायचा, वाकून बघायचा, मान डोलवायचा आणि शेवटी विचारायचा, "ॲव्हरेज किती देती?"

"देवळात जाऊन देवाला पगार विचारता व्हय?" मालक एकावर खेकसलेच.

दुपारी निवेदकानं माइकवरून पुकारा केला, जुन्या गाड्यांनी स्टेजपुढून एक फेरी मारायची. आमच्या गाडीपुढं गडमुडशिंगीचा एक दूधवाला मघापासून ठाण मांडून उभा होता. चांगला दांडगा गडी, चाळिशी उलटलेला. मालक ओरडले, "सरका की पावणं, गाडी काढायची हाय!"

गडी गर्रकन वळला. "काढायची हाय? खरंच?"

"मग काय खोटं? आत्ताच काढायची हाय."

"एवढी घाई?"

"बाकीच्यांनी काढल्या की!"

"सगळ्यांनीच?" तो चक्रावला. मग जवळ सरकून म्हणाला, "बोला मग काका, काय म्हणताय?"

"बाजूला व्हा म्हणतोय, आणि काय म्हणणार?"

मला हसू आवरेना. आमच्याकडं 'म्हैस काढायची हाय' म्हटलं की ती गोठ्यातून बाहेर काढायची नसते, विकायची असते. दूधवाल्याच्या कानाला दुसरं काय ऐकू येणार? पण गिऱ्हाईक आपल्या पायानं चालत आलंय म्हटल्यावर मी कशाला तोंड उघडू?

शेवटी मालकांच्या डोक्यात उजेड पडला. "विकायची न्हाय ओ! फेरीला काढायची हाय!" म्हणत त्यांनी तावातावानं किकवर पाय दिला. गुडघ्यानं दगा दिला. गाडी कलली, मालक कलले. गड्यानं एका हातानं गाडी धरली, दुसऱ्यानं मालकांना. मग स्वतःच किक मारली. पहिली वाया गेली, दुसरीला फटफट सुरू झाली. गडी हँडल धरून डोळे मिटून नुसता ऐकत राहिला.

"आमच्या बापाची अशीच होती, काका," तो म्हणाला. "मागं दुधाचे कॅन बांधलेले, म्हणून मला पुढं टाकीवर घ्यायचा. टाकी तापून चड्डीतनं चटके बसायचे. पर मी उतरायचो न्हाय."

मालक त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. आमचा पोरगाही ह्याच टाकीवर बसून शाळेत जायचा. परवा फोनवर म्हणाला, गिऱ्हाईक नसलं तर भंगारात घाला.

"रोज पुसशील?" मालकांनी विचारलं.

"पुसतो की."

"नुसती उभी न्हाय करायची. चालवायची."

"रोज दूध घालायला आणतो, काका. शप्पत."

मालकांनी सीटवरून एकदा हात फिरवला. "व्हय, मग काढायचीच हाय. एवढी फेरी झाली की न्या."

घ्या! एवढी वर्षं मी ह्याच दिवसाची वाट बघत होते आणि तो आला तर मी मालकांची बाही ओढली. "अहो, घरी जाऊन मग बघू की," मी म्हणाले. होय, मीच!

"बस मागं," मालक म्हणाले.

बसले. गाडी वाटेत बंद पडली तर म्हणून दूधवाला बाजूनं चालायला लागला. स्टेजपाशी निवेदकानं आम्हाला थांबवलं आणि माइक मालकांच्या तोंडापुढं धरला. "वा काका, काय ठेवलीय गाडी! नव्यासारखी! कधी काढली?"

मालकांनी एकदा दूधवाल्याकडं बघितलं.

"आत्ताच," म्हणाले.

सगळं मैदान खो खो हसलं. कोणीतरी शिट्टी मारली. मी मालकांच्या इस्त्रीच्या शर्टात तोंड खुपसलं आणि पोटभर रडले.