ब्रीटा कोणाच्या नावावर

ऑरिन हॉगन आमच्याकडे रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवतो. अख्खा हिवाळा आम्ही कामावर, शाळेत, चर्चमध्ये पोहोचतो ते त्याच्यामुळे. हे त्याला कोणी तोंडावर सांगितलं, तर तो आपल्या बुटांकडे बघत बसतो. अमेरिकेच्या उत्तर टोकाला, सुपीरिअर सरोवराच्या या काठावर माणसं अशीच. कॉफी हवी का विचारलं की दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा "बरं, अर्धा कप" म्हणायचं आणि मग किटली रिकामी करून उठायचं. मनातलं थेट बोलणं म्हणजे जवळजवळ असभ्यपणा. माझी सगळी नोकरी शाळेच्या कचेरीत गेली. तिथे पालकांना सरळ विचारल्याशिवाय काम होत नसे, त्यामुळे गावात मी तोंडाळ म्हणून प्रसिद्ध आहे. असू दे.

ऑरिनने लग्न फार उशिरा केलं. गावाने त्याला कायमचा ब्रह्मचारी ठरवून टाकलं होतं, आणि हा एका वसंतात लोइसला आणि तिच्या लहानग्या ब्रीटाला घेऊन माझ्या शेजारच्या घरात हजर. ब्रीटाचा बाप अॅरिझोनात. आठवण झाली तर नाताळला कार्ड पाठवायचा. तरीही ऑरिनने तिच्याकडून कधी स्वतःला बाबा म्हणवून घेतलं नाही. "तिला एक बाप आहे, मी कशाला मधे?" म्हणायचा. मग ती त्याला ऑरिनच म्हणायला लागली. पण पहाटे स्केटिंगच्या सरावाला तिला नेणारा तोच, आणि लोइसची रुग्णालयात सकाळची पाळी असली की तिची वेणी घालणाराही तोच. नावेचा दोर वळावा तशी वळायचा. दिसायला भयंकर, पण दिवसभर सुटायची नाही.

लोइस गेली त्याला आता दोन हिवाळे झाले. ब्रीटा डुलुथला कॉलेजात शिकते, वसतिगृहात राहते, अधूनमधून धुण्याची पिशवी घेऊन घरी येते.

दर मार्चमध्ये मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून लोकांची आयकराची विवरणपत्रं फुकट भरून देते. यंदा ऑरिन आला. टोपी हातात, नजर टोपीत.

"एक विचारू का? ब्रीटाला माझ्या विवरणपत्रात माझ्यावर अवलंबून म्हणून दाखवता येईल? नसेल येत तर काही हरकत नाही हं."

"का नाही येणार?" मी म्हटलं. मूल आपल्या खर्चावर आहे असं दाखवलं की कर थोडा कमी बसतो.

"नाही म्हणजे, लोइस नाही आता. तिच्यामुळेच होतं ना ते नातं."

मी सरकारी पुस्तिका उघडली आणि वाचून दाखवलं. लग्नाने जुळलेलं असं नातं मृत्यूने किंवा घटस्फोटाने संपत नाही, असं तिथे चक्क छापलेलं आहे. शिवाय पोरगी चोवीसच्या आतली, पूर्णवेळ शिकणारी. वसतिगृहात राहिली तरी घर तुझंच धरतात. उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात जे कमावते, त्यात तिचा निम्मा खर्चसुद्धा निघत नाही.

"तुझीच आहे ती," मी म्हटलं. "सरकारसुद्धा तेच म्हणतंय."

त्याने त्या ओळीवरून हळूच बोट फिरवलं. मग नाक शिंकरलं आणि बाहेर थंडी फार आहे म्हणाला. आम्ही आत हीटरशेजारी बसलो होतो.

विवरणपत्र मी संगणकावरून पाठवलं, आणि चार दिवसांत ते नामंजूर होऊन परत आलं, कारणासकट. ब्रीटाने दुकानातल्या पगाराचं स्वतःचं विवरणपत्र आधीच भरलं होतं. 'तुम्हाला कोणी आपल्यावर अवलंबून म्हणून दाखवू शकतं का?' या प्रश्नाला तिने 'नाही' असं उत्तर दिलं होतं.

ऑरिनला मी फोन करून हे सांगितलं.

"बरं," तो म्हणाला. "तिला तसं वाटत असेल तर बरोबरच आहे. काढून टाक तिचं नाव."

"अरे, तिला विचार तरी!"

"नको, नको. उगाच ओशाळेल बिचारी."

माझं डोकंच फिरलं. आदल्या आठवड्यात तो माणूस वाचनालयातून तरंगत बाहेर पडला होता, आणि आता पोरगी हातची चालली तरी तो तिच्यासाठी दार धरून उभा राहणार! मी नाव काढलं नाही. विवरणपत्र तसंच ठेवून दिलं.

शनिवारी ब्रीटाची गाडी दारात दिसली. मी भट्टीत भाजलेला बटाट्याचा हॉटडिश घेतला आणि न विचारता त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. दोघं हवेबद्दल बोलत होती. बर्फ वितळेल, नाही वितळेल. मला असह्य झालं.

"ब्रीटा, तुला कोणी आपली म्हणून दाखवू शकत नाही, असं का लिहिलंस गं?"

"अगं आर्डिस!" ऑरिनच्या हातातला काटा ताटात पडला.

"तू गप्प बस. तेवढं तुला छान जमतं."

ब्रीटा कानापर्यंत लाल झाली. "मी विचारलं होतं याला. फोनवर विचारलं, की तिथे काय लिहू? तर म्हणाला, तुला बरं वाटेल तसं लिही." मग ती ताटाकडे बघत म्हणाली, "मला वाटलं, याला मोकळं व्हायचंय. आई होती तोवर ठीक होतं. आता यानं माझं ओझं का वाहायचं?"

"ओझं?" ऑरिन म्हणाला. "मला वाटलं, तुलाच सुटायचं असेल. मी अडवायचं नाही असं ठरवलं."

"मरा आता दोघं सभ्यपणानं!" मी म्हटलं आणि माझा लॅपटॉप उघडून तिच्यापुढे सरकवला. चूक दुरुस्त करता येते, पण तोच प्रश्न पुन्हा येतो. ब्रीटाने तो मोठ्याने वाचला. "तुम्हाला कोणी आपल्यावर अवलंबून म्हणून दाखवू शकतं का?" वाचून ती थांबली. पडद्याकडे न बघता ऑरिनकडे बघत राहिली.

मला भीती वाटली, की हा आता म्हणणार, जशी तुझी इच्छा.

ऑरिन खुर्ची मागे सारून उभा राहिला. "हो," तो म्हणाला. इतक्या मोठ्याने की शेगडीजवळची मांजर पळाली. "मी दाखवू शकतो. मला दाखवायचीय. माझी मुलगी आहेस तू. लिही."

ब्रीटाचे डोळे भरून आले होते. माझेही आले, खोटं कशाला सांगू?

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.

त्याने पुन्हा म्हटलं.