अर्ध्या पायऱ्यांवरची देवी

गडाच्या अर्ध्या पायऱ्यांवर शेंदूर लावलेला एक दगड आहे. आज तिथे एक गृहस्थ मागे राहिलेल्या बायकोसाठी थांबले होते. "सावकाश ये गं, देवी काही पळून जात नाही."

तो दगड म्हणजेही गडावरची देवीच. म्हाताऱ्या भक्ताला गड चढवेना, म्हणून ती त्याच्यामागून त्याच्या गावी निघाली. अट एकच, मागे पाहायचं नाही. वाटेत पैंजण वाजेनासे झाले, त्याने वळून पाहिलं आणि देवी इथेच दगड झाली.

आम्ही दोघं नवराबायको दरवर्षी यायचो. मी झपाझप पुढे, ही गुडघे धरत मागे. इथे आली की म्हणायची, "अहो, वळून बघा की जरा. मी काही दगड होणार नाही." मी हसून पुढची पायरी चढायचो.

लोक त्या भक्ताला नावं ठेवतात. ठेवोत. मागचा आवाज थांबल्यावर तो वळला तरी.

ही गेल्यावर यंदा पहिल्यांदाच आलोय. पायरीपायरीला वळून बघतोय. त्याची देवी निदान दगड होऊन तरी थांबली.