लातूरच्या बाईंची जागा

माझ्या बायकोच्या मामांइतका संशयी आणि त्यांच्याइतका दिलदार माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडात दुसरा नसेल. शिवाय हे दोन्ही ते एकाच वेळी असतात, याने मी आजही थक्क होतो. मामा महाळुंग्याच्या एका कारखान्यात तयार पार्ट तपासतात आणि रहाटणीच्या घरी आले की क्लॅरिनेट वाजवत. स्वतः बांधलेल्या चाली ते इंटरनेटवर विकत. विकलेल्या चालीची कुणी फुकट नक्कल वाटू नये म्हणून लोक फाइलला नाना तऱ्हेची कुलपं घालतात, पण मामांचा कुलपावर भरवसा नाही. "कंपनीत परत्येक पार्टावर नंबर ठोकतो आमी. मग चाल बिननंबरी का सोडायची?" असं म्हणून त्यांनी जो नंबर शोधला, तो कळल्यावर मी हातच जोडले. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी मामा अख्खी चाल नव्याने वाजवून रेकॉर्ड करत आणि मध्यावर एक छोटीशी जागा, म्हणजे चार सुरांची हरकत, दर वेळी निराळी घेत; नक्कल कुठे सापडली तर ती कुणाकडून फुटली ते त्यावरून कळावं म्हणून. सत्तर-ऐंशी गिऱ्हाइकं, तितक्याच जागा, आणि सगळ्या तोंडपाठ! जेवताना मी नुसतं "नागपूरचे डॉक्टर?" म्हणायचा अवकाश, मामा घास खाली ठेवून ती जागा गुणगुणत. "आणि भाच्यांची नावं मात्र चुकतात," बायको म्हणे.

एकदा कासारवाडीला आम्ही दोघं रिक्षात बसलो, तर चालकाच्या मोबाइलवर मामांचीच चाल! मामा ताठ झाले. जागा आली तसं त्यांनी माझं मनगट आवळलं. "लातूरच्या बाई!" आता भांडण होणार म्हणून मी डोळे मिटले. तेवढ्यात चालकाने चाल मागे नेऊन तीच जागा पुन्हा लावली आणि आरशातून आमच्याकडे बघत म्हणाला, "सॉरी काका. एवढं दोनदा ऐकल्याशिवाय गाडी पुढं जात न्हाई आपली."

 उतरताना मामांनी चालकाच्या खांद्यावर नुसता हात ठेवला.

घरी येऊन त्यांनी लातूरला फोन लावला. बाई शाळेत शिकवतात. त्या घाबरून गेल्या. "अहो, भावाला पाठवली होती. तिकडं एकटाच राहतो, रिक्षा चालवतो. चुकलंच माझं."

मामा म्हणाले, "पाठवत जावा बाई. फकस्त वाजवणाऱ्याचं नाव सांगा."

गेल्या हिवाळ्यात मामांचे पुढचे दात काढावे लागले, फुंकणं जमेना आणि क्लॅरिनेट पेटीत गेलं. तेव्हा कळलं, आपल्याच घरातून चोरी नको म्हणून त्यांनी गिऱ्हाइकाला पाठवलेल्या प्रत्येक फाइलची स्वतःकडची प्रत पुसून टाकली होती. एका रविवारी मी गेलो, तर मामा फोन कानाशी धरून बसलेले. "बाई, तेवढं लावता का?" त्यांनी मला खुणेने बसवलं. पलीकडून बारीक आवाजात क्लॅरिनेट सुरू झालं. मामांची मोकळ्या हाताची बोटं गुडघ्यावर हलत राहिली.

"बरं वाजवत होतो की, जावईबापू," ते हळूच म्हणाले. "वाजवताना कधी कळलंच न्हाई."